काचपेटीचा तळ : घरगुती मत्स्यालय आणि बोटभर कॅटफिशचा इतिहास

घरगुती मत्स्यालयाचा इतिहास बहुधा काचेच्या अंगाने सांगितला जातो. काच स्वस्त झाली, टाक्या घडू लागल्या आणि समुद्र दिवाणखान्यात आला, असा त्याचा ठरलेला क्रम. या धाग्यात तोच इतिहास टाकीच्या तळाकडून पाहायचा आहे, आणि त्यासाठी सोबतीला घ्यायचा आहे तो कोरिडोरास नावाचा बोटभर कॅटफिश. सुमारे दीडशे वर्षे हा मासा माणसाच्या घरात राहतो आहे. त्यांतील बहुतेक काळ त्याच्या मिशांखाली जो तळ अंथरला गेला, तो त्याचा विचार करून अंथरलेला नव्हता.

कॅटफिश म्हटला की कोकणातल्या घराला शिंगाळा आठवतो, म्हणजे कालवण आठवते. कोरिडोरास हा त्याचाच दक्षिण अमेरिकेतला दूरचा भाऊबंद, पण लांबीला जेमतेम अडीच ते सात सेंटिमीटर. अंगावर खवले नाहीत. त्यांच्या जागी दोन्ही कुशींवर हाडाच्या पट्ट्यांच्या दोन-दोन रांगा, कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या. १८०३ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद याने या माशासाठी नाव घडवले ते दोन ग्रीक शब्दांतून : शिरस्त्राण आणि कातडी. पाठीवरच्या आणि छातीच्या परांना ताठ काटे असतात. संकट आले की ते उभे राहून जागच्या जागी अडकतात आणि गिळणाऱ्याला जड जातात.

या माशाचे सारे जगणे मात्र त्या चिलखतावर नाही, मिशांवर चालते. तोंड खाली वळलेले, त्याच्या कडेला आखूड मऊ मिशा, आणि त्या मिशांवर चव व स्पर्श टिपणारी इंद्रिये. तो वाळूत तोंड खुपसतो, घासभर वाळू घेतो, तीतले किडे-अळ्या वेचतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. आपण तांदूळ निवडतो तसेच हे काम. सुपात धारदार खडे असतील तर बोटांचे काय होईल, एवढा प्रश्न मनात ठेवला की पुढचा इतिहास नीट वाचता येतो.

आरंभ १८३२ पासून करता येईल. सिसिलीतील मेसिना येथे झान व्हिलप्र-पॉवर ही फ्रेंच स्त्री त्या साली काचेच्या पेट्या करवून घेऊन त्यांत समुद्रजीव ठेवू लागली. पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी ही बाई एका राजकन्येच्या विवाहवस्त्रामुळे नावारूपाला आली होती. पुढे व्यापारी पतीसोबत सिसिलीला गेली आणि तेथे स्वतःच्या अभ्यासाने निसर्गशास्त्रज्ञ झाली. आर्गोनॉट नावाचा अष्टपाद आपले शंखासारखे कवच स्वतः घडवतो की दुसऱ्याचे बळकावतो, हा तिचा प्रश्न होता. मेलेल्या नमुन्याकडून त्याचे उत्तर मिळणे शक्य नव्हते. जिवंत प्राणी दिवसेंदिवस डोळ्यांसमोर हवा होता, म्हणून काच. तो प्राणी आपले कवच स्वतःच घडवतो, हे तिने दाखवून दिले.

त्याच वर्षी डार्विनचे ‘बीगल’ जहाज ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले होते. त्या प्रवासात गोळा झालेले मासे इंग्लंडला पोचले ते स्पिरिटच्या बाटल्यांतून. त्यांचे वर्णन लिहिण्याचे काम आले लेनर्ड जेनिन्स या पाद्रीबाबांकडे. ‘बीगल’वरची जागा डार्विनच्या आधी याच जेनिन्सला देऊ केली गेली होती आणि त्याने ती नाकारली होती! घरी राहिलेल्या माणसाने, गेलेल्या माणसाच्या बाटल्या उघडून, १८४२ मध्ये एका ठिपकेदार कॅटफिशला ‘कॅलिक्थिस पॅलिएटस’ असे नाव दिले. कॅलिक्थिस म्हणजे सुंदर मासा. आज दुकानांतून ‘पेपर्ड कोरी’ म्हणून मिळतो तो हाच. काटे किती, पट्ट्या किती, हे बाटलीतल्या माशाने नेमके सांगितले. तो वाळू कशी चाळतो आणि एकटा राहतो की घोळक्याने, हे सांगायला त्याला पाणी आणि तळ हवा होता.

घरात टिकणारी पाण्याची पेटी मात्र लंडनमध्ये सिद्ध झाली. नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरच्या बंद काचपेटीत रोपे महिनोन्‌महिने जगतात हे १८४२ च्या त्याच्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले होते. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला. नंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९ मध्ये १२ गॅलनची, म्हणजे साधारण ५५ लिटरची टाकी मांडली. तीत वाळू-चिखलाचा थर, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती, दोन छोटे गोल्डफिश, आणि उन्हापासून माशांना आडोसा मिळावा म्हणून दगड. या मांडणीतला आडोसा लक्षात ठेवण्याजोगा आहे. मत्स्यालयातील ‘सजावट’ आपल्या मूळ रूपात माशासाठी होती, पाहणाऱ्यासाठी नव्हे.

काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढुळले, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. वनस्पती प्राणवायू देते, मासा कार्बन डायॉक्साइड देतो, गोगलगाय घाण निस्तरते, अशी ही त्रिकोणी व्यवस्था त्याने १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडली. मांडणी देखणी होती आणि बऱ्याच अंशी खरीही होती. पण तिने एक कल्पना घराघरांत रुजवली : प्रत्येक टाकीत सफाईच्या कामाला कोणीतरी जीव नेमलेला असावा. कोरिडोरासच्या नशिबाची गाठ येथे बांधली गेली, त्याने युरोपचे तोंड पाहण्याच्या कितीतरी आधी.

सफाईचा आणि हवेचा भार त्या काळी कोणाच्या खांद्यावर होता याचे एक उदाहरण सांगितलेच पाहिजे. ॲना थिन हिने १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून घरातील मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते समुद्राचे पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. मालकिणीचे नाव इतिहासात आहे. त्या मोलकरणीचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही.

१८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे ‘दि ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले. ‘ॲक्वेरियम’ या शब्दाचा लॅटिनमधला अर्थ होता गुरांची पाणी पिण्याची जागा. तो शब्द गॉसने दिवाणखान्यात आणून बसवला. जर्मनीत रोसमेसलर याने १८५६ मध्ये ‘काचेतले सरोवर’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहून गोड्या पाण्याच्या टाकीला लोकप्रियता मिळवून दिली. मग लाटच आली. इंग्लंडच्या किनाऱ्यांवरील खडकांच्या डबक्यांतून लोकांनी इतके जीव उपसून नेले की गॉसच्या मुलाने, एडमंडने, १९०७ मध्ये आपल्या आठवणी लिहिताना त्या उजाड झालेल्या किनाऱ्यांबद्दल हळहळ व्यक्त केली. ज्या पुस्तकांनी लोकांना किनाऱ्यावर धाडले ती त्याच्याच वडिलांची होती.

याच लाटेत टाकीचा तळ हळूहळू पाहणाऱ्याच्या मालकीचा झाला. वॉरिंग्टनच्या आडोशाच्या जागी कमानी, गुहा, पडक्या किल्ल्यांच्या प्रतिकृती, शिंपले आणि सिमेंटने जोडलेले खडक आले. शर्ली हिबर्ड याचे १८५६ चे पुस्तक तर घराच्या सजावटीचेच होते. मत्स्यालय त्यात पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशेजारी आणि नेच्यांच्या पेट्यांशेजारी बसले. सिमेंट आणि शिंपले पाण्यात चुना सोडतात, हा भाग शोभेपुढे मागे पडला. इंग्लंडच्या नळाच्या पाण्यातल्या माशांना त्याचे फारसे काही वाटले नसेल. ॲमेझॉनच्या मऊ, आम्ल पाण्यातून येणाऱ्या पाहुण्यासाठी हा पाहुणचार वेगळाच होता.

हे पाहुणे यायला वाफेची जहाजे लागली, आणि तरीही वाटेत पिंपांतले पाणी शिळे होऊन बहुतेक मासे मरत. जगले कोण? पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने १८६९ मध्ये चीनहून आलेला मॅक्रोपोडस पाळला आणि वाढवला. त्यानेच १८७० च्या दशकाच्या अखेरीस डार्विनच्या त्या ठिपकेदार कॅटफिशची पॅरिसमध्ये पैदास केली. दोन्ही मासे पाण्यावर येऊन हवा घेणारे आहेत, आणि हा योगायोग मानता येत नाही. मॅक्रोपोडसच्या डोक्यात त्यासाठी खास अवयव असतो. कोरिडोरासच्या कुळातले मासे हवा चक्क गिळतात आणि आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू शोषून घेतात. फ्रेंच संशोधक जोबेर याने ब्राझीलमध्ये या आंत्रश्वसनाचा अभ्यास केला तो याच दशकात. म्हणजे युरोपच्या दिवाणखान्यातील पहिले उष्णदेशीय मासे रंगरूपाने निवडले गेले नव्हते. पिंपातल्या कोंदट पाण्यानेच त्यांची निवड केली होती.

कार्बोनिएच्या टाकीत एक नवेच दृश्य उलगडले. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून आडवी थबकते, दोघांचा मिळून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार होतो, आणि मग ती पोटाखालचे पर जुळवून केलेल्या ओंजळीत चार-दोन अंडी धरून काचेवर किंवा पानावर चिकटवायला जाते. नराचे बीज अंड्यांपर्यंत कसे पोचते हे कोडे त्यानंतर शतकभर चालले. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी ब्राँझ कोरीवर प्रयोग करून दाखवले की मादी ते गिळते आणि ते तिच्या आतड्यातून वेगाने पुढे जाऊन त्या ओंजळीत पोचते. श्वासाची जी वाट, तीच ही वाट.

कोरिडोरासमधला सर्वांत चिमुकल्यांपैकी एक मासा, हॅस्टॅटस, शास्त्राच्या वहीत चढला १८८८ मध्ये, रोझा आणि कार्ल आयगेनमान या दांपत्याच्या हातून. नमुने होते १८६५-६६ च्या थायर मोहिमेचे. लुई आगासी या मोहिमेचा प्रमुख होता आणि पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेला विल्यम जेम्स तीत स्वयंसेवक होता. रोझा ही माशांच्या शास्त्रात नाव कमावणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. गंमत अशी की जेमतेम अडीच सेंटिमीटरचा हा मासा तळ सोडून पुष्कळदा मधल्या पाण्यात थव्याने तरंगतो. बाटलीतल्या नमुन्याकडून हेही कळण्यासारखे नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन बंदरांतून आणि बर्लिनच्या हौशी मंडळांतून उष्णदेशीय माशांचा नाद पसरला तेव्हाची टाकी आज पाहायला मिळाली तर दचकायला होईल. लोखंडी चौकट, पुट्टीने बसवलेल्या काचा आणि तळाला पाटीच्या दगडाची लादी. पाणी ऊबदार ठेवण्यासाठी त्या लादीखाली गॅसची किंवा रॉकेलची ज्योत लावत. वरच्या पाण्यातल्या माशाला ऊब मिळे, आणि तळाशी राहणाऱ्याचे अंथरूण म्हणजे तवा. त्यातही पेपर्ड कोरी हा ला प्लाटाच्या खोऱ्यातल्या, तुलनेने थंड पाण्यातला. २० अंशांच्या आसपास तो सुखी असतो.

याच काळात त्याची नेमणूक पक्की झाली. पुस्तके त्याला ‘स्कॅव्हेंजर’ म्हणू लागली. वॉरिंग्टनच्या गोगलगायीची जागा आता याने घेतली. वरच्या माशांना खाणे टाकायचे, त्यातले जे खाली पडेल ते याचे. सफाईचे काम ज्याच्या नावावर चढते त्याच्या जेवणाचा हिशेब घरधनी सहसा ठेवत नाही, आणि येथेही तेच झाले. वास्तविक कोरिडोरास किडे, अळ्या, जंत खाणारा मासा आहे. तो शेवाळ खरवडत नाही आणि विष्ठा तर खातच नाही. उष्ट्यावर ठेवलेले कितीतरी मासे टाकीच्या तळाशी हळूहळू उपाशी मेले असतील. चिलखतामुळे त्यांची खंगलेली कूस वरून दिसतही नाही.

घाणीचा खरा निचरा कोण करतो याचे उत्तर तोवर प्रयोगशाळेत तयार होते. सांडपाण्यातील अमोनियाचे नायट्रेट होते ते जिवाणूंमुळे, हे श्लोएसिंग आणि म्युंट्झ यांनी १८७७ मध्ये दाखवले होते आणि व्हिनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास ते जिवाणू वेगळे काढले होते. पण शेती आणि सांडपाण्याच्या शास्त्रातून हे ज्ञान दिवाणखान्यातल्या टाकीपर्यंत झिरपायला अर्धशतकाहून अधिक काळ गेला. टाकी मांडल्यावर काही आठवडे जिवाणूंची वस्ती होऊ द्यावी आणि मगच मासे सोडावेत, हा आजचा पहिला धडा त्या ज्ञानाचा आहे.

दुर्दैव असे की ते ज्ञान टाकीत उतरले तेव्हा तळच्या माशाची स्थिती आणखी बिघडली. १९५० च्या दशकापासून ‘अंडरग्रॅव्हल फिल्टर’ लोकप्रिय झाला. तळाशी भोकांची जाळी, तिच्यावर खडीचा थर, आणि हवेच्या नळीने पाणी त्या खडीतून खाली ओढून पुन्हा वर आणायचे. जिवाणू खडीवर वाढत आणि पाणी शुद्ध राही. युक्ती खरोखर हुशारीची होती. परंतु बारीक वाळूने जाळी बुजते, म्हणून जाड खडी हवी. शोभेसाठी तीही रंगवलेली, फोडलेल्या दगडाची, धारदार. खडीच्या फटींत अन्न अडकून कुजे. त्या खडीत मिशा खुपसणाऱ्या माशाला आधी ओरखडे, मग जखमेत संसर्ग, मग झिजत झिजत मिशांचे नुसते खुंट. पाण्याची शुद्धता आणि माशाचे सुख या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, याचा इतका स्पष्ट दाखला क्वचितच सापडेल.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांनी काचेआडचा जिवंत मासा पहिल्यांदा निवांत पाहिला तो येथे. घरच्या टाकीसाठी मग क्रॉफर्ड मार्केटची वाट होतीच. ‘सफाई करणारा मासा’ ही कल्पनाही आपल्याकडे आली, पण तिचा मोठा मानकरी ठरला वेगळाच दक्षिण अमेरिकी कॅटफिश : काचेला तोंड चिकटवणारा सकर. तो बोटभर असताना विकला जातो आणि हातभर होतो. टाकीत मावेनासा झाला की कोणीतरी त्याला तळ्यात सोडून येतो. भारतातील अनेक नद्या-तलावांत आज त्याने बस्तान बसवले आहे आणि मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात. घर झाडायला आणलेला जीव नदीला भारी पडला.

टाकीची मांडणी उलट्या बाजूने, म्हणजे तळापासून वर, विचारात घेण्याची रीत अलीकडची. सिलिकोनने जोडलेल्या अखंड काचेच्या टाक्या १९६० नंतर आल्या आणि पाटीची लादी गेली. ऊब देणारी विजेची कांडी पाण्यात आली. गाळणी टाकीच्या बाहेर गेली, त्यामुळे तळावर वाळू पुन्हा अंथरता आली. जपानच्या ताकाशी आमानो याने १९९० च्या दशकात आपल्या छायाचित्रग्रंथांतून दगड, लाकूड आणि वनस्पती यांची जी मांडणी जगासमोर ठेवली तिने किल्ले आणि पाणबुड्यांची खेळणी मोडीत काढली. आमानोच्या टाक्या अर्थात पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठीच रचलेल्या होत्या. त्यांतला मासा पुष्कळदा रंगाचा एक ठिपका असतो. या माशाला खरी मदत झाली ती कमी गाजलेल्या दुसऱ्या पंथाची, ज्याने मासा ज्या ओढ्यातून आला त्या ओढ्याचीच नक्कल करायचे ठरवले.

ती नक्कल दिसायला साधी असते. गोल कणांची बारीक नदीची वाळू, दोन-तीन बोटे जाड, समोरच्या बाजूला मोकळी सोडलेली, कारण चाळायला अंगण लागते. पाण्यात मुरवून जड झालेले लाकूड, खालून शिरता येईल असे तिरके ठेवलेले. वाळलेली पाने, ज्यांचा रंग पाण्यात उतरून चहासारखी छटा येते. पाणी मंद वाहते, उजेड वरच्या तरंगत्या वनस्पतींनी गाळलेला, आणि पृष्ठभाग व झाकण यांच्यामध्ये हवेची मोकळी पट्टी, कारण आतड्याने श्वास घेणाऱ्याला वर येणे भागच असते. नवख्या माणसाला त्याची ही झेप आजार वाटते. अधूनमधून झाली तर ती नुसता श्वास आहे, सारखी होऊ लागली तर पाणी तपासावे. खाणे बुडणारे, त्याच्या नावाचे वेगळे, बरेच जण दिवे मालवल्यावर देतात.

आणि मासे किमान सहा, एकाच जातीचे. जोडीने किंवा एकेकटा विकत घेण्याची जुनी रीत ‘सफाईला एक पुरे’ या हिशेबातून आलेली. केंब्रिजच्या संशोधकांनी अलीकडे ब्राँझ कोरींचे निरीक्षण केले तेव्हा असे दिसले की हे मासे एकमेकांना अंगाने हलकेच ढुशा देतात आणि धोक्यातून एकत्र निसटताना या स्पर्शाचा उपयोग होतो. ज्याच्याजवळ ढुशी द्यायला कोणीच नाही असा मासा टाकीच्या कोपऱ्यात निश्चल बसून राहतो. कित्येक वर्षे याच निश्चलतेला त्याचा शांत स्वभाव समजले गेले.

पाहणाऱ्यांनी तळाकडे नीट पाहायला सुरुवात केल्यावर शास्त्रालाही त्याचा लाभ झाला. व्यापारातून येणाऱ्या, पण अजून नाव न मिळालेल्या कोरिडोरासांना १९९३ पासून एका जर्मन मत्स्यालय-मासिकाने ‘सी’ अक्षर आणि क्रमांक देण्यास सुरुवात केली. हौशी पाळणाऱ्यांच्या नोंदी आणि शास्त्रज्ञांची वर्णने त्यामुळे एकमेकांशी जोडली गेली. २०२४ मध्ये जनुकीय पुराव्यांवरून या सगळ्या कुळाची फेरमांडणी झाली. ट्रिनिडादहून १८५८ मध्ये वर्णिलेला ब्राँझ कोरी आता ऑस्टिओगॅस्टर झाला आहे आणि जेनिन्सच्या बाटलीतला सुंदर मासा हॉप्लिसोमा. दुकानांतल्या टाक्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत मात्र अजून कोरिडोरास हेच नाव आहे, आणि पुष्कळ चिठ्ठ्यांवर त्याखाली एक शब्द : क्लीनर.